गामा नाइफने मेंदूतला एव्हीएम खरंच एका दिवसात बरा होतो का?

तुम्ही लिहिलंय की २४ वर्षांच्या भावाच्या मेंदूत, थॅलॅमस या खोलवरच्या भागाजवळ, अडीच सेंटीमीटरचा एव्हीएम, म्हणजे धमन्या-शिरांचा गुंता, सापडलाय. डॉक्टर म्हणतात कवटी उघडणं धोक्याचं, गामा नाइफ (बाहेरून किरण देण्याचा उपचार) करू, दुसऱ्या दिवशी घरी. आणि नातेवाईक म्हणतायत, एका दिवसात बरं होणारं असं काही नसतं, तुम्हाला फसवतायत.

डॉक्टर फसवत नाहीयेत. पण नातेवाइकांचंही अर्धं खरं आहे: उपचार एका दिवसाचा, बरं व्हायला मात्र दोन-तीन वर्षं. माझाही एव्हीएम थॅलॅमसमध्येच होता. २६व्या वर्षी तो फुटला, उजवा हात-पाय काही दिवस लुळा पडला आणि तीन महिन्यांनी मुंबईत माझं गामा नाइफ झालं.

आम्ही वाळव्याकडचे, ऊसवाले. आजीला मी असं समजावलं होतं की पाटाचं पाणी आधी सरीत मुरतं, उरलेलं ओढ्याला जातं. रक्तही धमनीतून आधी बारीक केशवाहिन्यांत पसरतं, मग शिरेत येतं. एव्हीएममध्ये मधल्या केशवाहिन्याच नसतात, पाट थेट ओढ्याला जोडलेला. धमनीचा सगळा जोर शिरेच्या पातळ भिंतीवर येतो आणि एखाद्या दिवशी बांध फुटतो. फुटण्याचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के, एकदा फुटलेला असेल तर पुढचं वर्षभर थोडा जास्त. आकडा लहान दिसतो, पण तुमच्या भावापुढे अजून ५० वर्षं आहेत, ती धरून बघा.

नावात नाइफ असलं तरी चाकू कुठेच नसतो. कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत (जुन्या यंत्रांत २०१) डोक्याभोवती बसवलेले असतात. एकेक किरण इतका क्षीण असतो की वाटेतल्या मेंदूला त्याची फारशी झळ लागत नाही. सगळे जिथे एकत्र येतात तिथेच मात्रा मोठी होते. मला गुंत्याच्या कडेला १८ ग्रे (किरणांची मात्रा ग्रेमध्ये मोजतात) दिले होते. त्याने वाहिन्या जळत नाहीत. त्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, ते हळूहळू जाड होतं, पाटात गाळ साचत जावा तशी वाट अरुंद होते आणि शेवटी बंद पडते. वेळ लागतो तो यासाठी. ही कल्पना स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडली, १९६८ मध्ये पहिलं यंत्र सुरू झालं आणि १९७० मध्ये तिथेच पहिल्या एव्हीएमवर ते वापरलं गेलं. नातेवाइकांना हे जरूर सांगा.

त्या दिवसाबद्दल. सकाळी डोक्याला धातूची फ्रेम बसवतात, कपाळावर दोन आणि मागे दोन स्क्रू. केस काढत नाहीत. भुलेची चार इंजेक्शनं चांगलीच झोंबतात, आणि स्क्रू आवळताना डोकं पक्कडीत धरल्यासारखं वाटतं. पाच-दहा मिनिटांत तो दाब बधिर होतो. भावाला हे आधी सांगून ठेवा, मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी घाबरून रडले. मग फ्रेमसकट एमआरआय, मांडीतून अँजिओग्राफी, आणि डॉक्टर नि फिजिसिस्ट (किरणांचं गणित बघणारे) किरण कुठे, किती द्यायचे याची आखणी करत बसतात तोवर नुसतं थांबणं. यंत्रात मी सव्वा तास होते. काही दुखलं नाही. शेजारच्या काकूंना ४० मिनिटंच लागली, म्हणून माझ्या आईला वाटलं आपलंच दुखणं मोठं. तसं नसतं. कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, यंत्रातला कोबाल्ट जुना असेल तर तेवढीच मात्रा द्यायला जास्त वेळ लागतो. शिवाय प्रत्येकाची आखणी वेगळी. मिनिटांची तुलना करू नका.

त्या काकूंना कानाच्या नसेवरची गाठ होती. गाठीचं गणित वेगळं, ती वाढायची थांबली तरी उपचार यशस्वी समजतात, दिसेनाशी व्हायलाच हवी असं नाही. एव्हीएम मात्र पूर्ण बंद व्हावा लागतो. अर्धा बंद झाला म्हणजे धोका अर्धा झाला असं होत नाही, तो तोपर्यंत फुटू शकतो. लहान गुंत्यांत १० पैकी सात-आठ जणांचा बंद होतो, आणि तीन सेंटीमीटरच्या आत असणं ही तुमच्या भावाची जमेची बाजू. एव्हीएम वरवर, हाताला येण्यासारखा असता तर मी तुम्हाला शस्त्रक्रियेबद्दलच विचारायला सांगितलं असतं, कारण तो पूर्ण काढला की धोका त्याच दिवशी संपतो. थॅलॅमसपाशी ती सोय नाही.

खरी कसोटी नंतरची. नवव्या महिन्यात माझ्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. एमआरआयमध्ये गुंत्याभोवती सूज दिसली, किरणांमुळे अशी येते. सहा आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, ओसरली. माझं लग्न नुकतंच झालेलं, आणि गुंता बंद होईपर्यंत मूल नको असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सासरी प्रत्येक सणाला तोच प्रश्न. बाहेरून मी ठणठणीत दिसायचे, त्यामुळे अजून कसली वाट बघतेस हे कुणाला कळायचंच नाही. भावाचंही असंच होईल. तो सहा महिन्यांत म्हणेल मला काही होत नाही, कशाला पुन्हा स्कॅन. त्या वेळी त्याला हाताला धरून घेऊन जा.

तिसऱ्या वर्षी एमआरआयवर गुंता दिसेना. तरी डॉक्टरांनी अँजिओग्राफी करायलाच लावली, कारण बंद झाल्याची खात्री तिच्यावरच होते. ती स्वच्छ आली. तुलनेसाठी त्यांनी उपचाराच्या दिवसाची चित्रं मागितली, ती मी कधी मागून घेतलीच नव्हती, त्यासाठी मुंबईची वेगळी फेरी पडली. तुम्ही डिस्चार्जच्या दिवशीच एमआरआय, अँजिओग्राफी आणि आखणी, तिन्हींची सीडी मागून घ्या.