पाळक-निवड समितीवर पहिल्यांदाच निवड झाली आहे? आधी नावं बाजूला ठेवा

तुम्ही लिहिलंय की तुमच्या चर्चच्या मंडळीच्या (सभासदांच्या) सभेने तुम्हाला नव्या पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, शोधासाठी नेमलेल्या समितीवर निवडलंय, पहिली बैठक तोंडावर आहे आणि दोघातिघांनी आत्ताच ‘अमुक पाळकच आणा’ म्हणून कान भरलेत. त्यात तुमच्या एका नातेवाइकाचाही अर्ज येण्याची शक्यता आहे. मी अशा समित्यांवर सभासद म्हणून आणि निमंत्रक म्हणूनही काम केलंय, त्या जोरावर लिहितो.

आपल्या समितीचा अधिकार किती, ते आधी आपल्या चर्चच्या घटनेत (नियमावलीत) वाचून घ्या. रोमन कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू बिशप नेमतात. युनायटेड मेथडिस्टांतही नेमणूक बिशपचीच. स्थानिक समितीशी सल्लामसलत होते, इतकंच. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार पॅरिशचे (स्थानिक चर्चचे) दोन प्रतिनिधी निवडले जातात आणि उमेदवाराला त्यांचीही संमती लागते. चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मंडळी जास्तीत जास्त १३ जणांची समिती निवडते, समिती एकच नाव पुढे आणते आणि मंडळी त्यावर मतदान करते. बॅप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल परंपरेत अखेरचा शब्द मंडळीचाच. तुमचं वर्णन या शेवटच्या दोन प्रकारांशी जुळतं, तेव्हा पुढचं सगळं तसं धरून.

नावांची चर्चा पहिल्या बैठकीत होऊच देऊ नका. ज्यांनी तुमचे कान भरले त्यांना सांगा, ‘उमेदवाराला म्हणावं, बाकीच्यांसारखाच अर्ज करा.’ समितीचं खरं काम माणसं पारखण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं: आपली मंडळी आज आहे कशी, हे कागदावर उतरवणं. उपासनेला नियमित कोण येतं आणि कोण यायचं थांबलंय, तरुण कुठे गेले, वर्गणी वाढतेय की दोनचार घरांवरच भार आहे, मागचे पाळक का गेले, गेल्या भांडणाची धग अजून आहे का. यासाठी प्रश्नावली काढा, पण तिच्यावर विसंबू नका. लहान लहान गटांत बसून ऐका. कागदावर सगळेच ‘आध्यात्मिक वाढ हवी’ असं लिहितात. समोर बसले की ‘आधीचे पाळक आजारपणात घरी आलेच नाहीत’ हे बाहेर येतं. नव्या माणसाकडून काय हवंय ते त्या दुसऱ्या वाक्यातून कळतं.

मग ते लिहिताना रंगसफेदी करायचा मोह होतो. स्थळ दाखवताना मुलाचा दमा लपवावा तसं कर्ज, गटबाजी, गळकं छप्पर गाळलं जातं. लग्नानंतर दमा कळायचा तो कळतोच. जे पाळक खरी स्थिती वाचून येतात ते कामाला तयार होऊन येतात. जे वाचून मागे फिरतात ते नंतर राजीनामा देऊन जाण्यापेक्षा आत्ताच गेलेले बरे. आणि ‘वय पस्तीस, अनुभव तीस वर्षांचा, सौ. ऑर्गन वाजवणाऱ्या’ अशी यादी कुणी पुढे केली तर हसून बाजूला ठेवा. पाचारण, म्हणजे सेवेचं बोलावणं, एकाला आहे, घरच्या माणसांना बिनपगारी राबवायचं नाही.

गुप्ततेबद्दल मी फार कडक आहे. अर्ज करणारा माणूस बहुधा दुसऱ्या मंडळीत सेवेत असतो. तो इथे बोलणी करतोय हे तिकडे कळलं आणि तुम्ही त्याला घेतलं नाही, तर त्याचं तिथलं राहणं अवघड होतं. म्हणून नाव घरात नवरा-बायकोलाही सांगायचं नाही. त्याचा संदेश (प्रवचन) ऐकायचा तर पुष्कळ समित्या तिसऱ्याच एखाद्या चर्चमध्ये व्यवस्था करतात, म्हणजे दोन्ही मंडळ्यांत बोभाटा होत नाही. पण गप्प राहणं म्हणजे अदृश्य होणं नव्हे! दर महिन्याला मंडळीला सांगा: अर्ज मागवले, वाचून झाले, मुलाखती चालू आहेत. नावं सोडून सगळं सांगा. शोधाला वर्ष किंवा त्याहून अधिक लागू शकतं हेही सुरुवातीलाच सांगून टाका, नाहीतर तिसऱ्या महिन्यापासून ‘समिती झोपलीय’ सुरू होतं.

मुलाखतीत ‘वाद झाला तर काय कराल?’ हा प्रश्न वाया जातो, त्याचं सुंदर उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. ‘शेवटचा वाद कोणता झाला आणि तुम्ही काय केलंत?’ असं विचारा. संदर्भ म्हणून दिलेल्या लोकांना फोन करून एकच विचारलं तरी चालेल: पुन्हा यांच्यासोबत काम कराल का? उत्तराआधी किती वेळ गेला तेही लिहून ठेवा. पार्श्वभूमीची अधिकृत तपासणी मात्र कुणाच्याही ओळखीवर सोडायची नाही, मुलांमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर नाहीच. आणि विचारायचा हक्क त्यांनाही आहे. मानधन, राहण्याची सोय, सुट्टी, निवृत्तिवेतन या गोष्टी शेवटच्या बैठकीत कुजबुजत काढू नका. समोरच्याला संसार आहे.

मंडळीपुढे दोन नावं ठेवून ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणं लोकशाहीसारखं दिसतं, पण त्यातून दोन तट पडतात आणि निवडून आलेला पाळक पहिल्या दिवसापासून एका तटाचा ठरतो. एकच नाव, गुप्त मतदान. ते नाव समितीत किती मतांनी ठरवायचं हे अर्ज उघडण्यापूर्वी नक्की करा. मी एकमताच्या बाजूचा. वेळ लागतो, पण समितीतला एक नाराज सभासद सभेत उठून बोलला की सगळं मुसळ केरात. मंडळीत निसटत्या बहुमताने नाव मंजूर झालं, तर शहाणा उमेदवार बहुधा स्वतःच नको म्हणतो.

निवृत्त होणाऱ्या पाळकांचा सल्ला उत्तराधिकाऱ्याच्या बाबतीत घेऊ नये, कितीही प्रेम असलं तरी. हंगामी पाळकांबद्दल घटना पाहा. प्रेस्बिटेरियन चर्च (यूएसए) मध्ये त्यांना सहसा त्याच मंडळीत कायम होता येत नाही.

आता तुमच्या नातेवाइकांबद्दल. अर्ज येण्याची वाट पाहू नका, शक्यता आहे एवढं निमंत्रकांना आजच कळवा. अर्ज आलाच तर तुम्ही समितीतून बाहेर पडावं असं माझं मत. ‘त्या चर्चेपुरता बाहेर बसतो’ हा तोडगा पुष्कळ जण सुचवतात, पण बाकीचे उमेदवार तुम्हीच तोललेले असतात, मग बाहेर बसून काय साधलं? तुमच्या जागी कोण यायचं ते मंडळीची सभा ठरवेल, नाव तुम्ही सुचवू नका.