वॉरगेमिंगच्या (टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या) छोट्या सैनिकांच्या चिलखताला मोरपिशी धातूची झळाळी कशी आणायची? (कोल्हापुरात राहतो, स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, वापरतो.)

बाटलीतला तयार 'मेटॅलिक टर्कॉइज' मला तरी खेळण्यासारखा दिसतो. त्यापेक्षा काळ्या प्रायमरवर आधी चकचकीत चांदी रंग द्या आणि त्यावर निळी-हिरवी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शाई चढवा. हुपरीच्या चांदीवर मीना चढवावा तसं: झळाळी खालची, रंग वरचा.

शाई पाण्याऐवजी ग्लेझ मीडियमने (रंग पातळ करायच्या पारदर्शक द्रवाने) पातळ करा. पाणी जास्त झालं की डाग पडतात. थर दोन-तीन द्या, पण आधीचा पूर्ण वाळू द्या, नाहीतर तो उचलला जातो. पहिल्या थरात हिरवा जास्त, सावलीच्या बाजूला निळा, म्हणजे अल्फा लीजनसारखी (वॉरहॅमर खेळातली निळ्या-हिरव्या चिलखताची फौज) छटा येते. खाचांत गडद निळा वॉश, म्हणजे खाचांत साचणारा पातळ रंग. शेवटी कडांवर चांदीची बारीक रेघ, फक्त जिथे उजेड पडेल तिथेच.

मॅट वार्निश चिलखतावर नकोच, चमक मरते, सॅटिन घ्या. ब्रश धुवायचं पाणी वेगळं ठेवा, नाहीतर चांदीचे कण सगळ्या रंगांत जातात.

आणि जुलै-ऑगस्टच्या आपल्या पावसात स्प्रे मारू नका, दमट हवेत प्रायमर पांढुरका, खरखरीत बसतो. तेव्हा प्रायमर ब्रशनेच लावा.