लिफ्ट, जातपंचायत आणि पॅरिसचा जाहीरनामा

माणसाची प्रतिष्ठा म्हणजे काय, याचं उत्तर समाजागणिक बदलतं, मग मानवी हक्क सगळ्यांना सारखे कसे? गेल्या वेळी या विषयावर लिहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. त्यातली ही काही.

प्रश्न : मानवी हक्क ही पाश्चात्त्यांनी आपल्या गळ्यात मारलेली गोष्ट आहे. आपल्या संस्कृतीला तिची गरज काय? (सदाशिव पेठ)

निम्मं खरं आहे. 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा 48 देश बाजूने होते, 8 तटस्थ होते आणि विरोधात कुणीच नव्हतं. आफ्रिकेचा बहुतेक भाग मात्र तेव्हा गुलामीतच होता, त्याला विचारतो कोण? तरीही मसुदा निव्वळ गोऱ्यांचा नव्हता. पहिल्या कलमातलं ‘ऑल मेन’ (सगळे पुरुष) भारताच्या हंसा मेहतांनी हट्टाने ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ (सगळी माणसं) करायला लावलं. माणसाला प्रतिष्ठा देवाने दिली की निसर्गाने, हे मजकुरात आणूच नका, असा चीनचे पी. सी. चांग यांचा आग्रह होता. त्यामुळे प्रत्येक परंपरेला आपापलं कारण शोधायला जागा राहिली. मला तर तो त्या मसुद्यातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

आणि गरजेचं म्हणाल, तर सदाशिव पेठेतून गंज पेठ चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिथे 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. पॅरिसच्या 80 वर्षं आधी. जोतीरावांनी मानवी हक्कांवर लिहिणारा इंग्रज लेखक टॉमस पेन वाचला होता, हे मान्य. पण हौदाशी ताटकळलेल्या माणसाची तहान ओळखायला पेन लागत नाही. हौद बंद ठेवणारे पुण्याचेच आणि उघडणाराही पुण्याचाच. ‘आपली संस्कृती’ म्हणताना तुम्ही यातलं कोण धरता, ते आधी ठरवा.

प्रश्न : सगळे हक्कांचंच बोलतात, कर्तव्याचं काय? (निवृत्त शिक्षक, कोथरूड)

सर, तुमच्या बाजूने बडी माणसं आहेत. 1947 मध्ये युनेस्कोने मानवी हक्कांबद्दल जगभरातून मतं मागवली तेव्हा गांधीजींनी कळवलं होतं की, हक्क कर्तव्य केल्यानेच मिळतात, हे मी माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. आफ्रिकी देशांनी 1981 मध्ये स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या सनदेत कुटुंबाप्रती, समाजाप्रती असलेली कर्तव्यं वेगळी मांडली आहेत. आपल्या घटनेतही 1976 पासून मूलभूत कर्तव्यं आहेत.

माझी अडचण निराळी. रात्री-अपरात्री गावोगाव निरोप पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, हे महारांच्या वतनातलं ‘कर्तव्य’च होतं. बाबासाहेब त्या वतनाविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले. कर्तव्य वाटणारा कोण आणि ते निभावणारा कोण, हे कळल्याशिवाय मी तुमच्या म्हणण्याला मान डोलावणार नाही.

प्रश्न : मुलीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून पंचांनी आम्हाला वाळीत टाकलं. दंड मागतात. तक्रार केली तर समाजाची बदनामी होईल, असं नातेवाईक म्हणतात. (पिंपरी)

ताई, आधी कामाचं बोलू. महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांत तक्रार द्या. तिथे टोलवाटोलवी झाली तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. कोण घरी आलं, कोणत्या तारखेला, किती रक्कम मागितली, कुणी लग्नाला यायचं नाही म्हणून बजावलं, हे सगळं वहीत उतरवून ठेवा. व्हॉट्सॲपवरचा एकही मेसेज पुसू नका.

आता बदनामीचं. समाजाचा आधार खोटा नसतो. बाळंतपणाला, मयतीला तीच माणसं धावून येतात. म्हणून तर बहिष्कार एवढा जिव्हारी लागतो. पण त्या आधाराची किल्ली चार पंचांच्या कनवटीला असावी, असं कुठे ठरलंय? तुमची मुलगीही त्याच समाजाची आहे. 2018 मध्ये कंजारभाट समाजातल्या कौमार्य चाचणीविरुद्ध त्याच समाजातली तरुण पोरं-पोरी उभी राहिली. त्यांना ‘बाहेरचे’ कसं म्हणणार?

प्रश्न : दुसऱ्या संस्कृतींकडून घेण्यासारखं काय आहे? (विद्यार्थिनी, गणेशखिंड)

पुष्कळ. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने 1995 मध्ये फाशी रद्द करताना ‘उबुंटू’चा, म्हणजे माणूस इतर माणसांमुळेच माणूस असतो या विचाराचा, आधार घेतला. न्यूझीलंडमध्ये 2017 पासून व्हांगानुई नदी कायद्याने व्यक्ती आहे. तिच्या वतीने बोलायला दोघं नेमलेले असतात, एक सरकारचा, एक तिथल्या माओरींचा. आपल्या मुठा नदीच्या वतीने कोण बोलेल, यावर एक निबंध लिहा आणि मला पाठवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत घरकामाच्या मावशींना आणि कचरा नेणाऱ्या ताईंना मुख्य लिफ्ट वापरायला बंदी आहे. स्वच्छतेचं कारण देतात. हा मानवी हक्कांचा प्रश्न झाला का? (बाणेर)

झालाच. कचऱ्याची बादली सर्व्हिस लिफ्टने न्यायला सांगितलं तर कुणी तक्रार करणार नाही. पण मोकळ्या हातांनी आलेल्या मावशींनाही तोच नियम असेल, तर बंदी बादलीला नाही, बाईला आहे. ‘कामवाल्या बायका, डिलिव्हरी बॉय व पाळीव प्राणी’ अशी एका ओळीतली पाटी मी स्वतः वाचली आहे, आणि ती लिहिणारे सुशिक्षितच होते. 1993 मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभारली. तिने ओळखपत्रांचा आग्रह धरला, पुढे महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. चोर म्हणून कुणी हटकू नये, एवढी साधी गरज त्यामागे होती. कार्डाने मजुरी वाढत नाही, तरी त्याचं मोल त्या बायकांना ठाऊक होतं.

सर्वसाधारण सभेत ठराव मांडा, ‘सामानासाठी सर्व्हिस लिफ्ट, माणसांसाठी कोणतीही.’ पण त्याआधी मावशींना विचारा. कदाचित लिफ्टच्या आधी त्यांना तळमजल्यावरच्या संडासाची किल्ली हवी असेल.