कॉपीपास्ता: पास्ताचा की पास्त्याचा?

एका ताईंनी विचारलंय की मुलगा ट्विचवर, म्हणजे लोक गेम खेळताना थेट दाखवतात त्या साइटवर, गेमचं लाइव्ह बघताना "चॅटमध्ये पास्ता आला" म्हणतो, तर हा पास्ता कुठला, मराठीत त्याला शब्द आहे का, आणि लिहिताना पास्ताचा लिहायचं की पास्त्याचा.

खायच्या पास्त्याशी नातं फक्त उच्चाराचं. २००६ च्या आसपास इंग्रजी इंटरनेटवर कॉपी-पेस्टमधल्या पेस्टला गमतीत वाकवून पास्ता केलं आणि पुन्हा पुन्हा चिकटवल्या जाणाऱ्या मजकुराला कॉपीपास्ता हे नाव रूढ झालं. पुढे भुताखेतांच्या फिरत्या गोष्टींना त्यावरूनच क्रीपीपास्ता नाव पडलं.

ट्विच सुरू झालं २०११ साली. मोठ्या स्ट्रीमला, म्हणजे थेट प्रक्षेपणाला, हजारो लोक एकदम टाइप करत असतात, तुमची ओळ दिसते न दिसते तोच वर निघून जाते, तिथे गप्पा अशा होतच नाहीत, मग कुणीतरी एक विनोदी परिच्छेद टाकतो आणि बाकीचे तो उचलून जसाच्या तसा चिकटवत सुटतात. एक जुना पास्ता साधारण असा: "चॅट इतकं पळतंय की मी अमुक केलं हे कबूल केलं तरी कुणाला दिसणार नाही." आता हेच वाक्य शंभर जण टाकतात म्हणजे ते सगळ्यांना दिसतंच, खरी गंमत तिथे आहे. एकाच माणसाने तोच मेसेज ३० सेकंदांच्या आत परत टाकला तर ट्विच अडवतं, म्हणून लोक शेवटी एखादं टिंब नाहीतर अक्षर वाढवतात.

याला आपला "फॉरवर्ड" म्हणू नये असं मला ठामपणे वाटतं. फॉरवर्ड पाठवणारा बऱ्याचदा तो खरा मानून पाठवतो, पास्ता खरा नाही हे टाकणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. त्यापेक्षा मला उखाणा जवळचा वाटतो, मजकूर ठरलेला, सगळ्यांना पाठ, फक्त नावाची जागा मोकळी. पास्त्यातही बऱ्याचदा जुना मजकूर घेऊन आज खेळणाऱ्याचं नाव घालतात. तरी उखाणा हा प्रतिशब्द म्हणून नाही चालणार, तो एकेकाने घ्यायचा असतो आणि इथे सगळी मजा झुंडीची.

मराठीत जवळचा शब्द आहे तो चोप्य-पस्ते. फोनेटिक कीबोर्डवर कॉपी पेस्टचं इंग्रजी स्पेलिंग तसंच टाइप केलं की सी चा च होतो आणि उमटतं चोप्य पस्ते, मराठी संकेतस्थळांवर लोकांना ते इतकं आवडलं की "चोप्य-पस्ते केलंय" असं सर्रास लिहायला लागले. मला हा शब्द फार प्रिय आहे, कारण इंग्रजीवाल्यांनी जे मुद्दाम वाकवलं ते आपल्याकडे टायपिंगनेच वाकलं. फरक इतकाच की चोप्य-पस्ते ही क्रिया आहे आणि कॉपीपास्ता ही वस्तू, म्हणून दोन्ही शब्द ठेवावेत.

आता रूपं. तो कॉपीपास्ता, पुल्लिंगीच. रस्ता आणि नाश्ता हेही मूळचे परकेच, फारसी ना, पण आपण रस्त्यावर, नाश्त्याला म्हणतो, तसंच पास्त्याचा, पास्त्यात, पास्त्याने. पास्ताचा कुणी लिहिलं तर मी चूक म्हणणार नाही, नव्या परक्या शब्दांना लोक आधी जपूनच हात लावतात, पण बोलताना तोंडात पास्त्याचाच येतो. अनेकवचन पास्ते: "गेममधला बॉस (म्हणजे मोठा शत्रू) मेल्यावर चॅटमध्ये नुसते पास्ते पडत होते." म्हणजे कॉपीपास्ते, जे चोप्य-पस्तेच्या अगदी शेजारी जाऊन बसतं.