कुत्र्यांना मोतीबिंदू झाला, मग माणसांचं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: वडील सिमव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची निर्मिती अडवणाऱ्या 'स्टॅटिन' गटातलं औषध) घेतात, गोळीच्या माहितीपत्रकात 'कुत्र्यांमध्ये मोतीबिंदू आढळला' असं छापलंय, तर गोळी बंद करावी का? आधी उत्तर देतो. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पत्रकातलं वाक्य खरं आहे, पण ते कसं वाचायचं हे त्यात लिहिलेलं नसतं. औषधांच्या सुरक्षा-चाचण्यांत प्राण्यांचे डोळे तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात आणि त्याच्या जुन्या पेशी झडून जात नाहीत, आत दाबल्या जाऊन आयुष्यभर तिथेच राहतात. त्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉलचं प्रमाण शरीरात इतरत्र क्वचितच दिसेल इतकं असतं आणि ते भिंग बहुतांशी स्वतःच बनवतं. त्यामुळे कोलेस्टेरॉलची निर्मिती अडवणारं औषध भिंगात पुरेसं पोचलं, तर तिथे गडबड होणं साहजिक आहे.

हे अमेरिकेत एकदा फार वाईट रीतीने सिद्ध झालं. १९६० साली मेरेल कंपनीने ट्रायपॅरानॉल हे कोलेस्टेरॉलचं औषध बाजारात आणलं. ते निर्मितीची शेवटची पायरी अडवायचं, त्यामुळे कोलेस्टेरॉलऐवजी त्याच्या आधीच्या पायरीचा पदार्थ, डेस्मोस्टेरॉल, साठत जायचा. उंदीर आणि कुत्र्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसले होते, पण कंपनीने सरकारी खात्याला दिलेल्या चाचण्यांच्या माहितीत फेरफार केले. मग रुग्णांनाही मोतीबिंदू झाले, केस गळले, कातडी खवल्यांसारखी झाली. एप्रिल १९६२ मध्ये औषध मागे घेतलं गेलं. १९६४ साली कंपनीला दंड झाला, किती तर ८०,००० डॉलर! (गर्भातल्या बाळांना व्यंग आणणारं थॅलिडोमाइड अमेरिकेत विकायला निघालेली कंपनीही हीच.)

म्हणूनच पुढे स्टॅटिन आले तेव्हा कुत्र्यांच्या डोळ्यांवर सगळ्यांची नजर होती. सिमव्हास्टॅटिनचे आकडे बघा. किलोमागे रोज ५० मिलिग्रॅम, तेही दोन वर्षं दिल्यावर कुत्र्यांमध्ये मोतीबिंदू दिसला. म्हणजे दहा किलोच्या बीगल जातीच्या कुत्र्याला रोज ५०० मिलिग्रॅम. वडिलांची गोळी बहुधा १० ते ४० मिलिग्रॅमची असेल. पण इथे एक फसगत होते. वजनाच्या हिशोबाने फरक प्रचंड वाटतो, तरी औषध रक्तात किती उतरलं ते मोजलं तर कुत्र्यांमधलं प्रमाण रोज ८० मिलिग्रॅम घेणाऱ्या माणसाच्या फक्त पाचपट होतं. तीन महिन्यांत मोतीबिंदू व्हायला किलोमागे रोज ९० मिलिग्रॅम लागले, तिथे हे प्रमाण १९ पट. मी नेहमी रक्तातल्या प्रमाणाचा आकडाच बघतो, मिलिग्रॅमचा नाही.

मग माणसांत काय दिसलं? लोव्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनची आठ हजारांवर लोकांवर ४८ आठवडे चाचणी झाली, भिंगावर परिणाम आढळला नाही. उलट २०१६ च्या होप-३ नावाच्या चाचणीत रोसुव्हास्टॅटिन हे आणखी एक स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के लोकांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लागली, न घेणाऱ्यांपैकी ३.१ टक्के लोकांना. फरक छोटा आहे, पण 'काहीच धोका नाही' असं मी म्हणणार नाही. मात्र मोतीबिंदू काढता येतो. हृदयविकाराच्या झटक्याने मेलेला स्नायू परत मिळत नाही.

क्वेटियापिन या मानसिक आजारावरच्या औषधानेही कुत्र्यांत मोतीबिंदू झाले होते, म्हणून त्याच्या पत्रकात डोळे तपासून घ्यायची सूचना असते.

प्राण्याच्या भिंगातला प्रत्येक पांढरेपणा मात्र औषधाच्या विषारीपणामुळे आलेला नसतो. उंदराला झायलाझिन-केटामिनची भूल दिली की त्याची पापणी मिटत नाही, डोळा कोरडा पडतो आणि बघता बघता भिंग पांढरं होतं. भूल उतरल्यावर काही तासांत ते बहुधा पुन्हा स्वच्छ होतं. मॉर्फिननेही असंच होतं. डोळ्यात आधीच मलम घातलं तर हा प्रकार टळतो. त्यामुळे कोणी 'प्राण्यांना मोतीबिंदू झाला' म्हणालं की तो कायमचा होता का, हे मी आधी विचारतो.

उलट बाजूही आहे. डायनायट्रोफेनॉल हे वजन घटवायचं औषध घेऊन १९३५ च्या सुमारास अमेरिकेत कितीतरी तरुण बायकांना मोतीबिंदू झाला. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्राण्यांत मात्र तो सहज होत नव्हता, पुढे कोंबडीच्या पिल्लांत दिसला. (हे विष आजही इंटरनेटवर 'फॅट बर्नर' म्हणून विकलं जातं. जिमवाल्या पोरांनो, याने माणसं मेली आहेत.) स्टिरॉइडचंही तसंच: माणसांत मोतीबिंदूचं ओळखीचं कारण, पण उंदरांत तो आणायला संशोधकांची दमछाक होते.

वडिलांसाठी इतकंच करा: वर्षातून एकदा डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून स्लिट लॅम्पवर (डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा, प्रकाशाची पट्टी टाकणारा सूक्ष्मदर्शक) डोळे तपासून घ्या. आणि त्यांना मधुमेह आहे का, पोटात घ्यायचं स्टिरॉइड चालू आहे का, ते इथे लिहा. तसं काही असेल तर मला स्टॅटिनपेक्षा त्याची काळजी जास्त वाटेल.