वाचकांचे प्रश्न : अंजिराच्या काडीला घरी मुळे कशी आणावीत?

प्रश्न : अंजिराच्या सहा काड्या आम्ही पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात ठेवल्या होत्या. दोन आठवड्यांत त्यांना कोवळी पाने फुटली, म्हणून आम्ही त्या लगेच कुंडीत लावल्या. पण आठ-दहा दिवसांत पाने मलूल झाली आणि काड्या खालून काळ्या पडल्या. आमचे काय चुकले? पाणी, माती आणि प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर शेवाळात काडी ठेवणे या तीन पद्धतींपैकी कोणती घ्यावी? मुळे फुटण्याची पावडर लावणे आवश्यक आहे का?

उत्तर : पाने फुटली म्हणजे काडी जगली, असा आपला समज झाला आणि घोटाळा तिथेच झाला. काडीच्या लाकडात पिष्टाच्या रूपाने अन्नाचा साठा असतो आणि ऊब मिळताच डोळा (काडीवरची कळी, जिथून पालवी फुटते) त्या साठ्यावर फुटतो. त्यासाठी मुळांची गरज लागत नाही. मात्र पान उलगडले की त्यातून बाष्प बाहेर पडू लागते. हा खर्च भरून काढणारी मुळे खाली नसतील, तर साठा संपताच पान मान टाकते. कुंडीतली माती सतत चिंब राहिली असेल, तर काडीच्या बुडाला हवाही मिळाली नसणार आणि त्यामुळे ते कुजले असणार. म्हणून पद्धत कोणतीही निवडली, तरी यशाची खूण वर न पाहता खाली पाहावी.

पद्धतीपेक्षाही आधी काडीकडे लक्ष द्यावे, कारण कच्च्या हिरव्या शेंड्याची काडी कोणत्याही उपायाने सहसा तग धरत नाही. झाडाची पाने गळून ते विश्रांतीत असताना, गेल्या हंगामात वाढलेली, पेन्सिलीपासून अंगठ्याएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंटिमीटर लांबीची आणि तीन-चार डोळे असलेली पक्व काडी घ्यावी. खालचा काप पेराच्या (डोळा असलेल्या सांध्याच्या) लगेच खाली सरळ आणि वरचा काप डोळ्याच्या थोडा वर तिरका घ्यावा. असे केल्याने काडी चुकून उलटी लावली जात नाही. (ही चूक वाटते तितकी दुर्मिळ नाही.) कापताना निघणारा पांढरा चीक त्वचेला लागून त्यावर ऊन पडल्यास भाजल्यासारखे फोड येऊ शकतात, म्हणून हात झाकलेले बरे. काड्या लगेच लावायच्या नसतील, तर किंचित ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. तिथे त्या काही आठवडे चांगल्या राहतात.

आता पद्धतींविषयी. पाण्यात मुळे येतात, हे खरे आहे आणि ती डोळ्यांसमोर येताना पाहण्यात मजाही आहे. पण पाण्यात विरघळलेला प्राणवायू थोडा असतो, त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे लागते आणि काडीची एक-दोन पेरेच बुडवावी लागतात. शिवाय तिथे वाढलेली मुळे ठिसूळ असतात. ती मातीत गेल्यावर नव्या परिस्थितीशी जुळवून घेईपर्यंत झाडाला जणू दुसऱ्यांदा सुरुवात करावी लागते. पाणीच वापरायचे असेल, तर मुळे दोन-तीन सेंटिमीटरची होताच काडी हलवावी; जाळे होण्याची वाट पाहू नये.

पिशवीच्या पद्धतीत काड्या धुऊन, पिळून घेतलेल्या ओलसर शेवाळात किंवा कागदात गुंडाळतात आणि पिशवी बंद करून सुमारे २२ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. थोड्या जागेत अनेक काड्या मावतात आणि दोन-तीन आठवड्यांत सालीवर पांढरे फुगीर ठिपके दिसू लागतात. या पद्धतीचा शत्रू बुरशी आहे; म्हणून आठवड्यातून एकदा पिशवी उघडून पाहावी आणि थेंब साचले असल्यास पुसून टाकावेत. ठिपके दिसताच, मुळे लांबण्याआधीच, काडी कुंडीत हलवावी, कारण कोवळी मुळे शेवाळातून सोडवताना तुटतात.

माझा कल उरलेल्या, म्हणजे मातीच्या पद्धतीकडे आहे; फक्त मातीऐवजी हलके मिश्रण घ्यावे. तळाला भोके पाडलेल्या पारदर्शक पेल्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) समप्रमाणात मिसळून भरावे, वरचा एक डोळा बाहेर ठेवून काडी रोवावी आणि वर सैल पिशवी घालून पेला थेट उन्हाऐवजी उजेडात ठेवावा. मिश्रण मुठीत दाबले असता गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, एवढीच ओल पुरते. पेला उचलून पाहावा आणि तो हलका लागेपर्यंत पाणी देऊ नये. सर्वाधिक काड्या कोरड्या पडून नव्हे, तर प्रेमाने जास्त पाणी घातल्याने मरतात. मुळे पेल्याच्या भिंतीवर दिसू लागतात, त्यामुळे काडी उपटून तपासण्याचा मोह आवरतो, आणि ती इथेच तयार झालेली असल्याने पुढे मोठ्या कुंडीत मातीच्या गोळ्यासह अलगद जातात. यास तीन ते आठ आठवडे लागू शकतात. त्या काळात खत देऊ नये. मुळांनी पेला भरत आला की पिशवी एकदम न काढता, आठवडाभर रोज थोडी अधिक उघडत जावी.

पावडरीत मुळांना चालना देणारे संप्रेरक असते आणि ते लावल्याने अपाय होत नाही. परंतु अंजीर मुळातच सहज मुळे धरणारे झाड असल्याने तिच्यावाचून काही अडत नाही.

मूळ झाड आपल्या आवारातच असेल, तर मात्र गुटी कलमाचा विचार जरूर करावा. फांदीवरील साल सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीच्या कड्याएवढी काढून, तिथे ओले शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळतात. मुळे येईपर्यंत फांदीला झाडाकडून पाणी मिळत राहते, म्हणून पाने आधी की मुळे आधी, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

प्रश्न : ज्या झाडाच्या काड्या घेणार आहोत, त्याच्या पानांवर फिकट पिवळे ठिपके आहेत. नवे रोप जोमाने वाढवल्यास ते जातील का?

उत्तर : फिकट, अनियमित पट्टे आणि वेडीवाकडी पाने ही मोझेक या विषाणुजन्य रोगाची लक्षणे असू शकतात. तसे असल्यास तो काडीबरोबरच नव्या रोपात येतो आणि खताने किंवा फवारणीने बरा होत नाही. चांगली वाढ असताना लक्षणे काही काळ दबतात आणि अशी झाडे फळेही देतात; तरी निवड करता येत असेल, तर काडी स्वच्छ पानांच्या झाडाचीच घ्यावी.