जुनी जिप्सी ऑफ-रोडिंगसाठी तयार करायची आहे. आधी लिफ्ट घालू, विंच घेऊ की लॉकर?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २००३ ची मारुती जिप्सी किंग, दोन लाखांचं बजेट, पावसाळ्याआधी तयार हवी आणि पर्याय तीनच: लिफ्ट (गाडी उंच करणं), विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं पुढचं यंत्र), लॉकर (एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग). ब्रेकचं नावसुद्धा नाही. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असल्या प्रश्नांकडे मी फिरकत नाही.

थेट उत्तर हवं असेल तर तिन्ही नको. या वर्षी तरी नको. पहिले साठ-सत्तर हजार गाडीच्या खाली घाला, पुढचे पस्तीस-चाळीस टायरमध्ये, आणि उरलेले बँकेत राहू द्या. वीस वर्षांची गाडी ते मागून घेतेच.

आता हे मी कशाच्या जोरावर बोलतोय ते सांगतो.

माझी जिप्सी २००१ ची, सोळा व्हॉल्व्हची एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली. २०१६ मध्ये घेतली. घरी आणली त्याच संध्याकाळी दाजी आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "उचलल्याशिवाय ही जिप्सी वाटतच नाही रे. तहसीलदार उतरेल असं वाटतं." दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर. तरुणपणी त्यांच्याकडे महिंद्राची एमएम ५४० जीप होती, त्यामुळे आमच्या घरात चारचाकीबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री होते. आठ दिवसांत गाडी उचलून मिळाली: लांब शॅकल (पाट्यांच्या स्प्रिंगचं टोक चासीला जोडणारी कडी), मागे एकेक जादा पाटा, पुढचे मडगार्ड कापून ३१ इंची टायर. सत्तरेक हजार गेले. दिसायला जबरदस्त, हे मान्य. सिग्नलला पोरं फोटो काढायची.

चालवायला मात्र वैताग. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की ॲक्सल किंचित फिरतो, कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ यायचं बंद होतं. ताशी साठच्या वर गाडी रस्ताभर हुंगत चालायची. दाजी म्हणाले, सवय होईल. त्यात तेराशे सीसीचं इंजिन, टॉर्क १०३ न्यूटन मीटर आणि तोही वरच्या आरपीएमला. एवढे मोठे टायर घातल्यावर सगळे गिअर जड झाले. पुण्याबाहेर नसरापूरच्या पुढच्या चढालाही तिसरा टाकावा लागायचा.

त्या जुलैमध्ये आम्ही वेल्ह्याच्या पुढे केळदकडे निघालो. दाजींच्या मित्राने तिथे थोडी जमीन घेतली होती आणि डांबरी सोडल्यावर दीडेक किलोमीटर लाल मातीचा उतार होता. गाडीत मी, शेजारी दाजी, मागच्या बाकावर माझा भाचा, तेव्हा अकरा वर्षांचा. भातलावणी चालू होती. खाचरांमधून बायका ओणव्या, डोक्यावर इरली. आमची गाडी उतरायला लागली तशा चार-पाच जणी उभ्या राहून बघायला लागल्या. उंच गाडीचा हा एक फायदा, प्रेक्षक मिळतात.

फोर-लो (चारही चाकांना जोर, संथ पण ताकदीची रेंज), पहिला गिअर. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. निम्म्यात पुढचं डावं चाक कडेच्या चारीत उतरलं आणि पूर्ण लोंबकळलं. चाक पुन्हा वर आलं तेव्हा काही कळलं नाही. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल थेट खाली. दुसऱ्यांदा दाबलं, मागे थोडंसं काहीतरी धरलं. मागच्या ओल्या ड्रम ब्रेकचं धरणं ते केवढं? गाडी सरकायला लागली, मी घाबरलो आणि पुढचे तीसेक फूट आम्ही कसे गेलो ते मला आजही तुकड्यातुकड्यातच आठवतं. बांध फोडून गाडी खाचरात गेली आणि ॲक्सलपर्यंत रुतली. कुणाला लागलं नाही. भाचा हसत होता. त्याला वाटलं, हेच ऑफ-रोडिंग.

खाचरवाले आजोबा आले. ओरडले नाहीत. फुटलेल्या बांधातून पाणी खालच्या खाचरात चाललं होतं तिकडे बोट दाखवलं आणि माझ्या हातात फावडं दिलं. तासभर मी आणि दाजी बांध घालत होतो. दाजींच्या पायात नवे पांढरे बूट. मग ट्रॅक्टर आला. साखळी पुढच्या बंपरला बांधली, ट्रॅक्टरने ओढ घेतली आणि बंपर साखळीबरोबर निघून गेला, गाडी जागेवरच. शेवटी चासीला वळसा घालून काढली.

घरी आल्यावर पोतं अंथरून खाली शिरलो. पुढच्या डाव्या ब्रेकचा रबरी पाईप टोकाच्या धातूच्या फेरूलपाशी फाटला होता. काळ्या रबरातून आतले धागे बाहेर आले होते आणि पाट्यावर ब्रेक ऑइलचा ओघळ. गाडी उचलली होती, पाईप मात्र कंपनीच्याच मापाचा ठेवला होता. आणि हे बघा: नवा रुंद टायर पाईपला घासू नये म्हणून मिस्त्रींनी तो केबल टायने शॉकॲब्सॉर्बरला बांधून टाकला होता. म्हणजे आधीच कमी पडणाऱ्या पाईपची आणखी दोन इंच ढील त्या प्लॅस्टिकच्या पट्टीने खाल्ली. सत्तर हजारांच्या कामात काही शे रुपयांचा पाईप राहिला.

दाजींचं म्हणणं त्या दिवसापासून एकच: "तू क्लच दाबलास." बारसं असो, गणपती असो, कुणीतरी गाडीचा विषय काढतं आणि दाजी पानावरून मान वर करून सांगतात, याने उतारावर क्लच दाबला. मी पाईपचं सांगायला लागलो की ताई म्हणते, जेवा आता. भाच्याला मात्र तिने पुढची पाच वर्षं माझ्या गाडीत बसू दिलं नाही.

तर मुद्दा. लिफ्टने नेमकं काय वाढतं हे आधी समजून घ्या, कारण गॅरेजवाला सांगणार नाही. जिप्सीला पुढे-मागे सरळ ॲक्सल आहेत. पाटे उचलले की चासी वर जाते, डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला चाकांना ताकद वाटणारा गोळा, जिथल्या तिथेच राहतं. जमिनीपासूनची उंची म्हणून कंपनी सांगते ते २१० मिलिमीटर या डिफच्या खाली मोजलेले असतात आणि ते फक्त मोठ्या टायरने वाढतात, तेही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्मेच. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरवरून ३१ इंचीवर गेलात तर व्यास ८४ मिलिमीटरने वाढतो, डिफखाली मिळतात ४२. तेवढ्यासाठी गिअरिंग बिघडतं, पुढच्या जॉइंटवर ताण येतो, ब्रेक अपुरे पडतात. आणि ही गाडी मुळात अरुंद आहे: रुंदी १५४० मिलिमीटर, उंची १८७५. रुंदीपेक्षा फूटभर जास्त उंच असलेली गाडी आणखी उचलायची आणि मग तिरक्या उतारावर न्यायची, याला हिंमत म्हणत नाहीत.

तुमच्या गाडीचं काय करा ते सांगतो. गाडी एखाद्या बाजूने चासीखाली जॅक लावून इतकी उचला की चाक पूर्ण लोंबेल. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकचा पाईप बघा. चारही चाकांपाशी हेच करा. पाईप ताणलेला दिसला, चिरलेला दिसला, बदला. त्याच वेळी चाक वर-खाली हलवून किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि व्हील बेरिंगचा सैलपणा बघा, नकलच्या, म्हणजे चाकामागच्या वळणाऱ्या सांध्याच्या, सीलमधून ग्रीस गळतंय का बघा, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे एंड, पाट्यांचे बुश. शॅकल जिथे चासीला लागतं तिथे हातोडीने वाजवा. आवाज बद्द आला तर आत गंज आहे, आणि मग टायरचे पैसेही वेल्डिंगला जातील. सुटे भाग मिळायची काळजी नको. लष्कराने ही गाडी इतकी वर्षं वापरली आहे की बाजारात भाग भरपूर आहेत. नकली पण तितकेच आहेत, बेरिंग आणि सील तेवढे ओळखीच्या दुकानातून घ्या.

दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांचं ऑइल काढून बघा. दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी शिरलं आहे. तापलेलं डिफ ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला नळी लावून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधा. स्नॉर्केलच्या (इंजिनची हवा उंचावरून घेणाऱ्या नळीच्या) आधी हे करा, खर्च नगण्य आहे.

मग टायर. २१५/७५ आर १५, ऑल-टेरेन (डांबरी आणि माती दोन्हीवर चालणारे). मला चार टायर पस्तीस हजारांच्या आसपास पडले होते, आता जास्त पडतील. सोबत हवेचा छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज. डांबरीवर २६-२८ पीएसआय ठेवता, चिखलात आणि दगडांत १५-१६ वर आणा. जिप्सी टनभराचीच आहे, हवा कमी केली की ती कुठेही चढते. लोक लॉकरला पन्नास हजार घालतात आणि हवा काढायचा कंटाळा करतात, हे मला आजवर कळलेलं नाही. परत डांबरीवर येताना मात्र हवा भरा, विसरू नका.

त्यानंतर चासीला बोल्ट केलेले ओढायचे हुक, दोन पुढे, एक तरी मागे, आणि ओढायला चांगला पट्टा, तो हुकला अडकवायच्या दोन कड्या (त्यांनाही शॅकलच म्हणतात). बंपर म्हणजे हुक नव्हे, हे माझ्याकडून फुकट शिका.

लॉकर दुसऱ्या वर्षी, फक्त मागे. एक चाक अधांतरी गिरगिर फिरतंय आणि दुसरं जमिनीवर ढिम्म, असा अनुभव चार-पाचदा आला की लॉकरचे पैसे काढायला हात आखडत नाही. डिफ वेल्ड करून देतो म्हणणारा भेटेल, त्याला नमस्कार करा. रोज डांबरीवर चालणारी गाडी आहे, प्रत्येक वळणाला टायर घासतील आणि कधीतरी शाफ्ट जाईल. विंच सगळ्यात शेवटी. पुढे तीस-चाळीस किलो वजन, बॅटरीवर भार, आणि ज्याच्या बरोबर दुसरी गाडी असते त्याला ते वर्षातून एकदा लागतं. एकट्याने जाणार असाल तर आधी घ्या, पण मग एकट्याने जाऊच नका असं मी म्हणेन.

काही गोष्टी खरं तर वरच लिहायला हव्या होत्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. लोखंडी बुलबारवर (बंपरपुढच्या गार्डवर) २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राची बंदी आहे. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी आरटीओत फेरनोंदणी, नुसती फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००, वर पर्यावरण कर. कापलेले मडगार्ड आणि ३१ इंची टायर घेऊन तिथे उभं राहायची कल्पना करा. मी राहिलो आहे. मूळ मडगार्ड शोधून परत बसवावे लागले.

आणि हो, आज माझी गाडी दोन इंच उचललेली आहे. नीट पाटे बदलून, कॅस्टरसाठी पाचरी घालून, लांब ब्रेक पाईप टाकून, २३५/७५ टायरवर. ती जुनी लिफ्ट काढून पाच वर्षं मूळ उंचीवर चालवल्यावर कुठे पोट घासतं ते कळलं, तेव्हा केली. दाजींनी बघितली, एक चक्कर मारली आणि म्हणाले, "म्हणजे उचललीसच ना शेवटी."

क्लचचं विचाराल तर दाबला होता. ब्रेक गेल्यावर पाय आपोआप गेला. लो-रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनने गाडी धरलेली होती, ती मी सोडून दिली. न दाबता तर बहुतेक वळणाच्या आत थांबलो असतो. तेव्हा उतारावर डावा पाय क्लचपासून लांब, फूटबोर्डवर टेकवून ठेवा, पाय उचलायची इच्छा झाली तरी. हे दाजींना सांगू नका. तो फाटका पाईप मी केबल टायसकट खिळ्याला टांगून ठेवला आहे, त्यांची गाडी आमच्याकडे लागते त्याच भिंतीवर.